‘एवढ्या कमी वयात लकवा कसा?’ : पीएफओ आणि तरुणांमधला स्ट्रोक, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला स्ट्रोक आला तेव्हा मी ३६ वर्षांची होते. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू-सिगरेट नाही, रोज डोंबिवली स्टेशनचे जिने चढउतार करणारी बाई. नंतर कळलं की हृदयाच्या पडद्यात जन्मापासून एक फट आहे, तिला पीएफओ म्हणतात. त्याला आता सहा वर्षं होतील आणि या सहा वर्षांत ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून इतके फोन आले की शेवटी सगळं एका जागी लिहून काढायचं ठरवलं. मी डॉक्टर नाही, सहकारी बँकेत काम करते. जे लिहिलंय ते माझ्या न्यूरोलॉजिस्टना आणि कार्डिओलॉजिस्टना विचारून विचारून आणि स्वतः वाचून समजून घेतलंय. तुमचा निर्णय तुमचे रिपोर्ट बघूनच होणार, एवढं लक्षात ठेवा.

पीएफओ म्हणजे नक्की काय? हृदयाला भोक असतं तेच का?

आईच्या पोटात बाळ श्वास घेत नाही, ऑक्सिजन नाळेतून येतो, मग रक्त फुप्फुसांकडे पाठवून उपयोग काय, म्हणून निसर्गाने हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्यात एक खिडकी ठेवलेली असते, उजवीकडचं रक्त तिथून सरळ डावीकडे जातं. ही खिडकी आपल्या सगळ्यांना होती. बाळ जन्मलं, पहिल्यांदा रडलं, फुप्फुसं उघडली की डावीकडचं प्रेशर वाढतं, पातळ पडदा खिडकीवर दाबून बसतो आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांचा कायमचा चिकटतो. साधारण चारातल्या एकाचा चिकटत नाही, नुसता टेकलेला राहतो.

‘भोक’ म्हटलं की आरपार छिद्र डोळ्यासमोर येतं आणि घरचे हादरतात. माझ्या डॉक्टरांनी मला उशीच्या अभ्र्याचं उदाहरण दिलं होतं. अभ्र्याचं तोंड आत दुमडलेलं असतं ना, दोन कापडं एकमेकांवर आलेली, एरवी बंदच दिसतं पण आतून दाबलं की फट पडते, तसं. एएसडी किंवा व्हीएसडी, ज्यात खरंच आरपार छिद्र असतं आणि कायम रक्त इकडून तिकडे जात राहतं, ते वेगळे आजार. रिपोर्टवर यातलं काय लिहिलंय ते आधी नीट वाचा, कारण नातेवाईकांच्या चर्चेत तिन्हींची खिचडी होते.

चारातल्या एकाला असतं तर मग सगळ्यांना लकवा का होत नाही?

कारण फट असणं एवढंच पुरत नाही. पायातल्या शिरांमध्ये कधीकधी छोट्या गुठळ्या होतात, त्या उजव्या हृदयातून फुप्फुसात जातात आणि फुप्फुस एखाद्या गाळणीसारखं त्या अडवून ठेवतं, छोटी असेल तर आपल्याला पत्ताही लागत नाही. आता नेमकी गुठळी उजव्या कप्प्यात आलेली असताना तुम्ही जोरात खोकलात, शिंकलात, जड सामान उचललंत किंवा संडासला जोर केलात, तर क्षणभर उजवीकडचं प्रेशर वाढतं, फट उघडते आणि गुठळी गाळणी चुकवून डावीकडे जाते, तिथून मेंदूत, आणि तिथली रक्तवाहिनी बंद करते. गुठळी, फट आणि तो क्षण, तिन्ही एकत्र जुळून यावं लागतं. जर्मन डॉक्टर युलिउस कोनहाइम यांनी १८७७ सालीच हे लिहून ठेवलं होतं, ३५ वर्षांच्या एका बाईच्या शवविच्छेदनात त्यांना पायात गुठळ्या, मेंदूची रक्तवाहिनी बंद आणि हृदयात उघडी खिडकी असं सगळं सापडलं होतं.

तुमच्या बाबतीत हे कसं घडलं?

गौरी-गणपतीला आम्ही कणकवलीकडे गावी निघालो होतो. पूजेत पाळी येऊ नये म्हणून दहा दिवस पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या चालू होत्या, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेल्या, कुणालाही न विचारता. मुंबई-गोवा हायवेला गणपतीत काय होतं ते सांगायला नको, चौदा-पंधरा तास गाडीत, मागच्या सीटवर पायाशी बॅगा, मांडीवर लेक, आणि वाटेत धड बाथरूम नाही म्हणून मी पाणीच प्यायले नाही. गावी पोचल्यावर डावी पोटरी दुखत होती, म्हटलं प्रवासाने अवघडली असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मोदक करत होते. पारी डाव्या हातात, उजव्या हाताने कळ्या पाडत होते, आणि मधेच बोटं कळी धरेनात. चिमूट होतच नव्हती. पारी फाटून सारण मांडीवर पडलं. मी जाऊबाईंना ‘अगं बघ ना’ म्हणायला गेले तर तोंडातून भलताच आवाज आला. डोक्यात शब्द स्पष्ट होता, जिभेवर येत नव्हता. दुखत काहीच नव्हतं, हे मुद्दाम सांगते, कारण सगळ्यांना वाटतं एवढी मोठी गोष्ट म्हणजे दुखणार.

एक म्हणालं पित्त झालं, एक म्हणालं सोवळ्यात उपाशी आहे म्हणून चक्कर आली, सासूबाई घाबरून म्हणाल्या अंगावरून वारं गेलं की काय, आणि खरं सांगायचं तर तिथे बरोबर ओळखलं ते त्यांनीच. जवळच्या दवाखान्यात बीपी बघून ‘प्रवासाचा शीण आहे, वय लहान आहे, काळजी करू नका’ म्हणून सलाइन लावलं. दोन तास तिथेच गेले. पुढे गोव्याला पोचून सीटी स्कॅन होईपर्यंत सहा तास झाले होते.

सहा तास झाले तर काय बिघडलं?

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढतात, ते निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत करता येतं, पण ती सोय असलेलं हॉस्पिटल जवळ पाहिजे. मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात असा हिशोब आहे. माझा स्ट्रोक लहान होता म्हणून मी आज हे टाइप करतेय.

तोंड एका बाजूला ओढलं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, यातलं एकही झालं तर घड्याळ बघा, माणूस शेवटचा ठीक किती वाजता होता ते लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. सीटी स्कॅन आहे का हे फोनवर विचारून मगच हॉस्पिटल ठरवा. तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, आणि घरात अ‍ॅस्पिरिन आहे म्हणून तीही नाही, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही आणि रक्तस्राव असेल तर अ‍ॅस्पिरिन घात करेल. व्हॉट्सअ‍ॅपवर बोटांना सुई टोचून रक्त काढायचा मेसेज फिरतो, त्यात वेळ जातो बाकी काही होत नाही. आणि पाचदहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी जा. त्याला टीआयए म्हणतात, मिनी स्ट्रोक, मोठ्या स्ट्रोकची ती पूर्वसूचना असू शकते.

हे लहानपणी कसं कळलं नाही? शाळेत तर तपासणी झाली होती.

पीएफओमध्ये सहसा छातीत वेगळा आवाज येत नाही, धाप लागत नाही, ओठ निळे पडत नाहीत, वाढ खुंटत नाही. स्टेथोस्कोपला ऐकू येण्यासारखं काही नसतंच. नेहमीच्या टूडी इकोमध्येही बऱ्याचदा निसटतं. माझे तर आधी दोनदा इको नॉर्मल होते.

आईने गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. माझ्या आईने हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मला हळूच विचारलं होतं, ‘तुझ्या वेळी ग्रहण पाळलं नव्हतं गं मी’, आणि ती रडत होती. छत्तीस वर्षांनी ती स्वतःला दोष देत होती. नाही, अजिबात नाही. ती खिडकी प्रत्येक बाळाला असते, असायलाच लागते, तिच्याशिवाय बाळ पोटात जगणार नाही. नंतर चिकटली नाही यात कुणाच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा, सुरीचा काही संबंध नाही. तुमच्या घरी आई किंवा सासू असं मनात धरून बसली असेल तर डॉक्टरांकडूनच तिला सांगवून घ्या, आपल्यापेक्षा त्यांचं ऐकतात.

‘कारण सापडत नाही असा स्ट्रोक’ म्हणजे काय? डॉक्टरांना कळत नाही असं का?

स्ट्रोकमागची नेहमीची कारणं शोधून झाली आणि काहीच हाती लागलं नाही तर तसं लिहितात, फाइलवर क्रिप्टोजेनिक असा शब्द दिसेल. गुठळीमुळे होणाऱ्या स्ट्रोकमध्ये साधारण पाव ते एकतृतीयांश असे असतात. पण ‘शोधून झाली’ हे महत्त्वाचं, आणि माझी सगळ्यात जास्त कळकळ इथेच आहे, कारण कित्येकांचा शोध अर्धवट असतो, इकोमध्ये फट दिसली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढच्या तपासण्या राहून जातात.

तरुणांमध्ये काय काय बघायला हवं? मानेतल्या आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी, सीटी किंवा एमआरआयवर. मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटून तिथे गुठळी होणं हे तरुणांमधल्या स्ट्रोकचं मोठं कारण आहे, आणि सलूनमध्ये मालिश झाल्यावर मान कडकन मोडून घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, त्यानंतर स्ट्रोक आल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. माझ्या नवऱ्याने तेव्हापासून मान मोडून घेणं बंद केलं. दुसरं, हृदयाच्या झडपा. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप अरुंद झालेली असते आणि कुणाला माहीतच नसतं, आपल्या देशात हे अजून संपलेलं नाही. हृदयाच्या ठोक्यांमधला गोंधळ, ज्याला एएफ म्हणतात, तो येऊन जाऊन असतो म्हणून एका ईसीजीत सापडत नाही, होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोक्यांची सतत नोंद घेणारं यंत्र, लावावं लागतं, कधी छातीच्या कातडीखाली छोटा रेकॉर्डर बसवतात. २०१४ च्या एका अभ्यासात असे रेकॉर्डर लावल्यावर सहा महिन्यांत जवळजवळ ९ टक्के लोकांमध्ये एएफ सापडला, नेहमीच्या पद्धतीने फक्त दीड टक्क्याच्या आसपास. शिवाय रक्त गोठण्याचे आजार, अँटिफॉस्फोलिपिड टेस्ट (ही बारा आठवड्यांनी परत करतात), होमोसिस्टीन आणि बी-१२, विशेषतः शुद्ध शाकाहारी असाल तर. बाळंतपणानंतर डोकं प्रचंड दुखून फिट आली असेल तर मेंदूतल्या शिरेत गुठळी असू शकते, तो वेगळाच प्रकार आहे, त्याची ट्रीटमेंटही वेगळी. आणि पायांचा डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, तोही लवकर, कारण गुठळी विरघळून गेली की मागमूस राहत नाही. माझा डॉप्लर नवव्या दिवशी झाला आणि त्यात काहीच आलं नाही.

बबल टेस्ट दुखते का? त्यात काय करतात?

हाताच्या शिरेत सलाइनची सुई लावतात, दोन सिरिंज जोडून त्यात सलाइन आणि थोडीशी हवा इकडून तिकडे जोरजोरात ढवळतात, त्याचा फेस होतो, बारीक बारीक बुडबुडे, ते शिरेतून सोडतात आणि इकोच्या स्क्रीनवर बघतात. बुडबुडे उजव्या कप्प्यात यायलाच पाहिजेत, फुप्फुसात ते विरतात. डावीकडे तीन ठोक्यांच्या आत दिसले तर फट आहे. उशिरा दिसले तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये काही आडवाट आहे का ते बघावं लागतं.

मधेच सांगतात श्वास रोखून जोर लावा आणि एकदम सोडा. मला टेक्निशियन ताईंनी सरळ सांगितलं, ‘मॅडम, पोट साफ होत नसल्यावर करतो तसा जोर करा, लाजू नका.’ पहिल्या वेळी मी लाजले, जोर नीट लागला नाही, स्क्रीन डावीकडे काळीच राहिली. दुसऱ्यांदा मनापासून जोर केला आणि सोडल्याबरोबर काळ्या कप्प्यात पांढरे ठिपके भसाभस आले, पावसात गाडीची काच भरते तसे. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त मशीनवर ती क्लिप पुन्हा लावून बघितली. म्हणून सांगते, जोर नीट करा, तो अर्धवट झाला तर टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

घशातून नळी घालून करतात तो टीईई. तो जरा त्रासाचा, पोट रिकामं लागतं, घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, उमासे येतात, पण पडदा नेमका कसा आहे ते तिथेच कळतं. तिसरी टेस्ट कानशिलावर डॉप्लर लावून मेंदूपर्यंत किती बुडबुडे पोचतात ते मोजायची.

फट सापडली म्हणजे तेच कारण ना?

नाही. हे मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चारातल्या एकाला असतेच, म्हणजे स्ट्रोक दुसऱ्याच कारणाने आलेला असू शकतो आणि फट आपली योगायोगाने तिथे. मग ठरवायचं कसं? डॉक्टर एक गुणपत्रिका मांडतात, रोप स्कोर म्हणतात, दहापैकी. बीपी नसेल तर एक, शुगर नसेल तर एक, आधी स्ट्रोक नसेल तर एक, सिगरेट ओढत नसाल तर एक, स्कॅनमध्ये मेंदूच्या वरच्या थरात डाग असेल तर एक, आणि बाकीचे वयावर, तिशीच्या आतल्यांना पाच, मग दर दहा वर्षांनी एकेक कमी. माझा ९ आला. ९-१० वाल्यांमध्ये स्ट्रोक फटीमुळेच असण्याची शक्यता सुमारे ८८ टक्के धरतात, ३ किंवा त्याखाली जवळजवळ शून्य. म्हणजे पन्नाशीतला, बीपी-शुगर असलेला, सिगरेट ओढणारा माणूस असेल तर फट बंद करून उपयोग होण्यापेक्षा बीपी आणि सिगरेट बंद करून जास्त होईल.

शिवाय फट केवढी आहे आणि पडदा किती लुळा आहे हे बघतात. पडदा शिडासारखा दहा मिलिमीटरपेक्षा जास्त इकडे तिकडे हलत असेल तर धोका जास्त धरतात.

बंद करायची की गोळ्यांवर राहायचं? आमच्याकडे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत.

दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात त्याचं एक कारण हे की मधल्या काळात उत्तरच बदललं. २०१२ साली पहिला मोठा अभ्यास आला, ९०९ पेशंटचा, त्यात बंद करून फायदा दिसला नाही, मग बरीच वर्षं कित्येक डॉक्टर गोळ्याच द्या म्हणत होते. २०१७ मध्ये एकदम तीन अभ्यास आले आणि चित्र पालटलं. त्यातला फ्रान्समधून झालेला क्लोज नावाचा अभ्यास मला सगळ्यात पटला कारण त्यांनी पेशंट नीट निवडले होते, १६ ते ६० वयाचे, दुसरं कारण नसलेले, आणि फट मोठी किंवा पडदा लुळा असलेलेच. सरासरी पाच वर्षांत फट बंद केलेल्या २३८ जणांमध्ये एकालाही परत स्ट्रोक आला नाही, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांवरच्या २३५ जणांमध्ये १४ जणांना आला.

पण याची दुसरी बाजूही बघा. सगळे अभ्यास एकत्र केल्यावर गोळ्यांवर वर्षाला शंभरात साधारण एकाला परत स्ट्रोक, बंद केल्यावर दोनशेत एकाला. म्हणजे धोका आधीच कमी आहे, तो आणखी निम्मा होतो. तिशी-पस्तिशीच्या माणसाला अजून चाळीस वर्षं काढायची असतात, त्याच्यासाठी हा फरक साठत जातो, म्हणून मी बंद करून घेतली. पंचावन्नाव्या वर्षी, बारीक फट असती तर कदाचित मी घेतली नसती. साठीच्या पुढे पुरावा कमी आहे, तिथे डॉक्टर फारच विचार करून ठरवतात.

अजून एक, ‘स्ट्राँग रक्त पातळ करायची गोळी’ म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही. कारण न सापडलेल्या स्ट्रोकमध्ये अशी गोळी आणि अ‍ॅस्पिरिन यांची तुलना करणारा मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात स्ट्रोक कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढले. पायात गुठळी सापडली असेल किंवा एएफ असेल तर गोष्ट वेगळी.

माझं मत एवढंच, न्यूरोलॉजिस्ट आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांचं एकमत झाल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. एकाने सांगायचं की स्ट्रोक यामुळेच आला, दुसऱ्याने सांगायचं की फट बंद करण्यासारखी आहे. नुसत्या एकाच्या सांगण्यावर नको.

ऑपरेशन किती मोठं असतं? छाती उघडतात का?

नाही हो. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात, पडद्याच्या फटीतून पलीकडे जातात आणि जाळीची छत्री उघडतात, एक चकती डावीकडे, एक उजवीकडे, मधे पडदा सँडविचसारखा. साधारण तासाभराचं काम. मला हलकी गुंगी दिली होती, कॅथलॅबमध्ये थंडी फार होती तेवढं आठवतं. दुसऱ्या दिवशी घरी. जांघेत मोठा हिरवानिळा डाग पडला होता, पंधरा दिवसांत गेला. काही दिवस जड उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही, घरी कुणी तरी हाताशी ठेवा.

छत्रीवर पुढच्या काही महिन्यांत आपलंच अस्तर वाढतं. तोपर्यंत रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या असतात, नंतर एक. पहिले सहा महिने दातांचं काम करायचं असेल तर डेंटिस्टला आधी सांगा, अँटिबायोटिक देतात. छत्री निकेल-टायटॅनियमची असते, त्यामुळे खोट्या दागिन्यांनी कान पिकत असतील, बेल्टच्या बकलाखाली खाज येत असेल तर ऑपरेशनच्या आधी सांगाच. बहुतेकांना काही होत नाही, पण विचारलं गेलं पाहिजे. एमआरआय नंतर करता येतो, फक्त तिथे छत्रीचं म्हणजे डिव्हाइसचं कार्ड दाखवायचं.

नंतर छाती धडधडते म्हणतात, खरंय का?

हो, आणि हे आधी कुणी नीट सांगत नाही. बंद केल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत काहींना एएफ होतो, क्लोज अभ्यासात ४.६ टक्क्यांना झाला, गोळ्यांवरच्यांमध्ये ०.९ टक्के. बहुतेकांचा काही दिवसांत जातो. मला तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता असं झालं, मासा तडफडावा तसं छातीत. ईसीजी काढला, जास्तीचे ठोके होते, एएफ नव्हता. तुम्हाला झालं तर अंगावर काढू नका, त्या वेळी ईसीजी मिळाला तरच निदान होतं.

खर्च किती आणि विमा देतो का?

आकडा मुद्दाम देत नाही, डिव्हाइस कुठलं आणि हॉस्पिटल कुठलं यावर फार फरक पडतो. विम्याच्या पॉलिसीत ‘जन्मजात’ हा शब्द शोधा, अंतर्गत आणि बाह्य असा भेद केलेला असतो, पीएफओ अंतर्गत. आधीच लेखी मंजुरी घ्या, तोंडी ‘होऊन जाईल’ वर जाऊ नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना फाइल दाखवून तुमची प्रोसिजर बसते का ते विचारा.

स्ट्रोक आलाच नाही, चेकअपमध्ये फट सापडली. बंद करू का?

नको. नुसती फट आहे म्हणून बंद करत नाहीत. तुमच्यासारखे करोडो लोक आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही. मायग्रेनसाठीही हाच जवाब, फट आणि मायग्रेन एकत्र सापडतात खरं, पण बंद केल्याने डोकेदुखी जाते हे अभ्यासांत नीट सिद्ध झालं नाही. स्कूबा करणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलावं, खोल डाइव्हनंतर रक्तात बुडबुडे होतात आणि तेही याच फटीतून पलीकडे जाऊ शकतात.

मोठ्या खेळाडूंना, सेलिब्रिटींनाही झालंय म्हणे?

अमेरिकन फुटबॉलमधला टेडी ब्रुस्की, २००५ मध्ये ३१ व्या वर्षी स्ट्रोक, फट बंद केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परत मैदानात. हेली बीबर ही मॉडेल, २०२२ मध्ये २५ व्या वर्षी मिनी स्ट्रोक. तिने स्वतः व्हिडिओत सांगितलं की गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच सुरू केल्या होत्या, कोविड होऊन गेला होता आणि पॅरिसचा लांब विमानप्रवास झाला होता. ते ऐकलं तेव्हा मला माझा हायवे आठवला.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊ की नको?

माझ्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या गोळ्यांमुळेच झालं असं सिद्ध करता येणार नाही. पण त्यातलं औषध जास्त डोसमध्ये शरीरात थोडंफार इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो, वर लांब प्रवास, पाणी नाही, पाय दुमडलेले. आता मी जिला तिला सांगते, मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका. घरात कुणाला गुठळी झालेली असेल, स्ट्रोक असेल, डोकेदुखीच्या आधी डोळ्यासमोर चमकणाऱ्या रेघा दिसत असतील, सिगरेट असेल तर डॉक्टरांना हे सगळं सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. आणि पाळी आली तर आली, पूजा दुसऱ्या कुणी केली तर गणपती रागावणार नाही, हे मी आता सासूबाईंसमोर बोलते आणि त्याही मान डोलावतात.

गरोदरपणाबद्दल खूप मुली विचारतात. आधी स्ट्रोक आलेला असेल तरी होता येतं, पण प्लॅन करून, कारण गोळ्या बदलाव्या लागतात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो.

मुलीचं लग्न ठरवायचंय. स्थळाला सांगायचं का?

सांगा. पण ‘हृदयाला भोक’ म्हणून सांगू नका, रिपोर्ट घेऊन बसा आणि काय झालं, काय केलं, आता काय आहे ते नीट सांगा, जमलं तर मुलालाच डॉक्टरांकडे घेऊन जा. लपवून केलेल्या लग्नात ती मुलगी रोजची गोळी लपवून खाणार, आणि लपवता लपवता एक दिवस चुकवणार.

पूर्ण बरं वाटतं का?

हात तीन महिन्यांत परत आला. बोलण्याला वर्ष लागलं. लोकांना वाटतं हात हलला की बरी झाली, पण थकवा दिसत नाही ना. बँकेत दुपारी तीननंतर आकडे डोळ्यासमोर नाचायचे, ‘चेक’ म्हणायचं तर ‘चमचा’ यायचं. स्पीच थेरपी लवकर सुरू करा, पहिल्या महिन्यांत जास्त फरक पडतो. आणि रडू येत असेल, झोपताना उद्या उठेन का अशी भीती वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, स्ट्रोकनंतर डिप्रेशन फार जणांना येतं आणि त्याला औषध आहे. माझ्या घरच्यांना वाटलं मी नखरे करतेय, सहा महिने फुकट गेले.

आता गावी जाता का? प्रवासात काय काळजी घेता?

जाते. कोकण रेल्वेचं तिकीट मिळालं तर ट्रेननेच, उठून डब्यात चकरा मारता येतात. गाडीने गेलो तर दर दोन तासांनी थांबतो, नवऱ्याने मोबाइलवर गजर लावलेला असतो, जाममध्ये अडकलो तरी मी खाली उतरून गाडीच्या बाजूने चालते. बसल्या जागी टाचा उचलायच्या, पंजे वर करायचे, पोटऱ्या आवळायच्या सोडायच्या. पाणी पिते, बाथरूमची सोय कुठे कुठे आहे ते आधीच ठरवलेलं असतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला, गरम, दुखरा वाटला तर मी तो ‘अवघडला’ म्हणून सोडत नाही, डॉप्लर करून घेते, दोनदा केलाय, दोन्हीदा नॉर्मल. पर्समध्ये डिव्हाइसचं कार्ड, गोळ्यांची नावं आणि नवऱ्याचा नंबर एकाच प्लास्टिकच्या पाकिटात असतो, आणि लेकीला माहिती आहे ते कुठल्या कप्प्यात आहे.